बालकांमधील स्ट्रोक : गंभीर गुंतागुंतीस कारणीभूत ठरणारे जोखीम-घटक (महाराष्ट्राच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

मेंदूला रक्त पुरविणारी एखादी वाहिनी अकस्मात बंद पडणे किंवा फुटणे आणि त्यामुळे मेंदूच्या त्या भागाचे कार्य थांबणे, यास वैद्यकशास्त्रात स्ट्रोक असे म्हटले जाते. सर्वसामान्यपणे ही व्याधी उतारवयाशी, रक्तदाबाशी आणि मधुमेहाशी जोडली जाते. त्यामुळे दोन वर्षांच्या किंवा दहा वर्षांच्या मुलालाही ती होऊ शकते, ही गोष्ट सुशिक्षित कुटुंबांनाही प्रथम खरी वाटत नाही. प्रगत देशांतील नोंदींनुसार दरवर्षी दर एक लाख बालकांमागे साधारणतः एक ते दोन बालकांना रक्तवाहिनी बंद पडल्यामुळे होणारा स्ट्रोक होतो. मेंदूत रक्तस्राव होणाऱ्या बालकांची संख्या यापेक्षा वेगळी आहे. नवजात अर्भकांमध्ये हे प्रमाण बरेच अधिक असून साधारण अडीच ते चार हजार जन्मांमागे एक असे मानले जाते. संख्या लहान दिसते. परंतु ज्याला हा आजार होतो त्याच्यापुढे संपूर्ण आयुष्य असते, आणि वाचलेल्या बालकांपैकी निम्म्याहून अधिकांमध्ये कोणते ना कोणते न्यून कायम राहते. म्हणून हा विषय केवळ वैद्यकीय न राहता शिक्षणाचा व समाजाचाही होतो.

प्रस्तुत लेखात स्ट्रोक होण्याची कारणे मोजून दाखविण्यापेक्षा एक निराळा प्रश्न विचारात घेतला आहे. स्ट्रोक झालेल्या दोन बालकांपैकी एक महिनाभरात चालू लागते आणि दुसरे कायमचे परावलंबी होते, हा फरक कशामुळे पडतो? या प्रश्नाचे उत्तर टोरांटो वा लंडन येथील रुग्णालयांत जसे मिळते तसेच ते पुण्यात मिळेल असे नाही, कारण येथील बालकांचे आजार वेगळे, रुग्णालयात पोहोचण्याचा मार्ग वेगळा आणि परतल्यानंतरचे जीवनही वेगळे आहे.

नाव आणि ओळख :

मराठीत या आजारासाठी पक्षाघात, अर्धांगवायू, लकवा असे शब्द रूढ आहेत. हे तिन्ही शब्द परिणामाचे वर्णन करतात, कारणाचे नव्हे. शरीराची एक बाजू लुळी पडली की 'लकवा मारला' असे म्हटले जाते. ती मेंदूतील वाहिनी बंद झाल्याने पडली, गाठीमुळे पडली की आकडी येऊन गेल्यानंतरचा तात्पुरता अशक्तपणा आहे, याचा भेद त्या शब्दात नाही. 'झटका' हा शब्द तर अधिकच गोंधळाचा आहे. हृदयविकाराचा झटका, मेंदूचा झटका आणि फिट या तिन्हींसाठी तो वापरला जातो. 'मुलाला झटका आला' एवढीच माहिती घेऊन पालक दवाखान्यात येतात तेव्हा डॉक्टर स्वाभाविकपणे आकडीचा विचार करतात, आणि बालकांमध्ये स्ट्रोकची सुरुवात अनेकदा खरोखरच आकडीने होत असल्याने तो विचार वरकरणी बरोबरही ठरतो. आकडीचे औषध दिले जाते, आकडी थांबते. एक हात हलत नाही याकडे मात्र दुसऱ्या दिवशी लक्ष जाते.

नवजात अर्भकांत तर लकवा दिसतही नाही. जन्मानंतर दोन-तीन दिवसांत एकाच हाताला किंवा पायाला येणारे झटके हीच बहुतेक वेळा एकमेव खूण असते. तीही लक्षात आली नाही तर पुढे पाच-सहा महिन्यांचे बाळ एकच हात पुढे करते, दुसरी मूठ आवळलेली ठेवते आणि घरात कौतुकाने 'डावखुरा होणार' असे बोलले जाते. वास्तविक पहिल्या वाढदिवसापूर्वी हाताची अशी ठाम निवड होणे हे दुसऱ्या हाताच्या दुर्बलतेचे लक्षण असू शकते. या एका गोष्टीची माहिती अंगणवाडी सेविका व लसीकरणाच्या वेळी बाळाला हाताळणाऱ्या परिचारिका यांना असणे, हे महागड्या तपासणीपेक्षा अधिक उपयोगाचे ठरेल.

परदेशांतील अभ्यासांतही लक्षणे दिसण्यापासून निदान निश्चित होईपर्यंत बालकांच्या बाबतीत सरासरी एक दिवसाच्या आसपास काळ जातो असे आढळले आहे. प्रौढांच्या बाबतीत साडेचार तासांच्या आत गुठळी विरघळविणारे औषध देण्याचा जो नियम सर्वत्र सांगितला जातो, तो बालकांना त्यामुळेच क्वचित लागू पडतो. बालकांत या औषधाची सुरक्षितता तपासण्यासाठी अमेरिकेत सुरू केलेली 'टिप्स' ही चाचणी पुरेसे रुग्ण न मिळाल्याने २०१३ मध्ये बंद करावी लागली. प्रश्न औषधाच्या गुणाचा उरलाच नव्हता. वेळेत निदान होऊन चाचणीत घेण्याजोगी बालकेच मिळाली नाहीत.

कारण आणि तीव्रता यांतील भेद :

जोखीम-घटक हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो आणि त्यामुळे बरेच गैरसमज होतात. काही घटक स्ट्रोक घडवून आणतात. काही घटक झालेल्या स्ट्रोकला गंभीर वळण देतात. हे दोन गट काही ठिकाणी एकमेकांवर पडतात, परंतु ते एक नव्हेत. आंतरराष्ट्रीय बाल-स्ट्रोक अभ्यासगटाने २०११ मध्ये ६७६ बालकांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या. त्यांपैकी सुमारे ५३ टक्के बालकांमध्ये मेंदूच्या धमन्यांचा विकार, ३१ टक्क्यांमध्ये हृदयाचा विकार आणि २४ टक्क्यांमध्ये संसर्ग आढळला. कोणताही घटक न सापडलेली बालके केवळ ९ टक्के होती. एकाच बालकात अनेक घटक एकत्र असणे हाच नियम आहे.

पुढे संसर्ग आणि बाल-स्ट्रोक यांचा संबंध तपासणाऱ्या 'व्हिप्स' या बहुराष्ट्रीय अभ्यासाने हा भेद स्पष्टपणे दाखवून दिला. स्ट्रोकपूर्वीच्या आठवड्यात सर्दी-तापासारखा साधा संसर्ग झालेला असणे हे स्ट्रोक झालेल्या बालकांपैकी १८ टक्क्यांत, तर तुलनेसाठी घेतलेल्या बालकांपैकी केवळ ३ टक्क्यांत आढळले. ज्यांचे नेहमीचे लसीकरण अपुरे होते त्यांना धोका अधिक होता. म्हणजे संसर्ग हा आजार सुरू करणारा घटक ठरतो. परंतु स्ट्रोक पुन्हा होणार की नाही हे ठरविताना संसर्गाला महत्त्व उरले नाही. तेथे निर्णायक ठरली ती धमनीची अवस्था. धमनीचा निश्चित विकार असलेल्या बालकांमध्ये पुनरावृत्तीचा धोका कारण न सापडलेल्या बालकांच्या तुलनेत पाचपट होता. मोयामोया या विकारात, ज्यात मेंदूच्या तळाशी असलेल्या मुख्य धमन्या हळूहळू अरुंद होत जातात, वर्षभरात सुमारे तृतीयांश बालकांना पुन्हा स्ट्रोक झाला. यातून निघणारा व्यावहारिक अर्थ असा की, मेंदूच्या प्रतिमेबरोबरच मेंदूच्या व मानेच्या धमन्यांची प्रतिमाही घेतली गेली पाहिजे. खर्च वाचविण्यासाठी केवळ सीटी स्कॅनवर थांबणे ही येथील नित्याची गोष्ट आहे, आणि पहिल्या काही तासांत साधा सीटी स्कॅन निर्दोष दिसू शकतो हे पालकांना कोणी सांगत नाही.

मेंदूच्या आवरणाचा क्षय :

महाराष्ट्रात बालकांच्या स्ट्रोकचा विचार क्षयरोगाला वगळून करता येणार नाही. पाश्चात्त्य ग्रंथांत क्षयजन्य मस्तिष्कावरणदाहाचा उल्लेख कारणांच्या यादीत शेवटी कोठे तरी येतो. येथे तो वरच्या ओळींत असावयास हवा. या संदर्भात मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेज व जे. जे. रुग्णालयातील डॉ. डी. के. दस्तूर आणि डॉ. पी. एम. उदानी यांचे काम मूलभूत स्वरूपाचे आहे. १९७० च्या सुमारास त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी या रोगाने दगावलेल्या रुग्णांच्या मेंदूंचा तपशीलवार अभ्यास प्रसिद्ध केला. मेंदूच्या तळाशी साचलेला दाट स्राव, त्यात वेढल्या गेलेल्या धमन्या आणि त्या धमन्यांच्या क्षेत्रातील मृत भाग यांचे त्यांनी केलेले वर्णन आजही उपयोगात आणले जाते.

ही प्रक्रिया समजून घेतली की जोखमीचे घटकही आपोआप उलगडतात. क्षयाचे जंतू मेंदूच्या आवरणात शिरल्यानंतर जो चिकट स्राव तयार होतो तो सर्वाधिक साचतो मेंदूच्या तळाशी, म्हणजे नेमका तेथे जेथे मेंदूला रक्त देणाऱ्या प्रमुख धमन्यांचे वर्तुळ असते. या वर्तुळातून निघणाऱ्या सुतासारख्या बारीक वाहिन्या मेंदूच्या खोल भागातील केंद्रकांना रक्त पुरवितात. त्यांना पर्यायी रक्तपुरवठा जवळजवळ नसतो. स्रावात बुडालेल्या या वाहिन्यांची भिंत सुजते, आतील अस्तर जाड होते, त्यांचे आकुंचन होते आणि त्या बंद पडतात. त्याच वेळी मेंदूतील पाण्याचा निचरा अडून पोकळ्या फुगू लागतात. फुगलेल्या पोकळ्या या वाहिन्यांना ताणतात. रक्तातील सोडियम घटते व सूज वाढते. असे चार-पाच आघात एकाच लहानशा क्षेत्रावर एकाच वेळी होतात. म्हणूनच या बालकांमधील स्ट्रोक बहुधा एकाच ठिकाणी न राहता दोन्ही बाजूंना होतो, आणि औषधे सुरू झाल्यानंतरही नवा स्ट्रोक होऊ शकतो.

गंभीर गुंतागुंतीचा सर्वांत मोठा घटक कोणता, याचे उत्तर येथे निःसंदिग्ध आहे : उपचार सुरू होतानाची आजाराची पायरी. डोकेदुखी, ताप, चिडचिड आणि भूक मंदावणे एवढ्याच लक्षणांवर निदान झालेले बालक आणि बेशुद्धावस्थेत दाखल झालेले बालक यांच्या भवितव्यात जमीन-अस्मानाचा फरक असतो. त्यानंतर येतात लहान वय, पाणी साचून पोकळ्यांचे फुगणे आणि दाखल होतानाच असलेला पक्षाघात. दुर्दैव असे की पहिल्या पायरीवरील लक्षणे कोणत्याही साध्या तापासारखी असतात. दोन-तीन आठवडे अधूनमधून येणारा ताप, सकाळी होणारी उलटी आणि नेहमी खेळणारे मूल कोपऱ्यात बसून राहणे, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या आणि घरात कोणी खोकत असेल, तर प्रतीक्षा करण्यास वाव नसतो. जन्मतः दिली जाणारी बीसीजी लस फुफ्फुसाच्या क्षयापासून अनिश्चित संरक्षण देत असली तरी बालकांमधील मेंदूच्या क्षयापासून ती चांगले संरक्षण देते; घरातील क्षयरुग्णाच्या संपर्कातील पाच वर्षांखालील बालकांना प्रतिबंधक औषध देण्याची तरतूद राष्ट्रीय कार्यक्रमात आहे. परंतु वडिलांना क्षय झाल्याचे कळले की घरातील बालकाची तपासणी होतेच असे नाही. आजार लपविण्याकडे कल असतो, भाड्याची खोली सोडावी लागेल ही भीती असते.

पुण्याचा या विषयाशी थेट संबंध आहे. बै. जी. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ससून सर्वोपचार रुग्णालयात केवळ शहरातीलच नव्हे तर अहिल्यानगर, सातारा, सोलापूर या जिल्ह्यांतीलही बालके दाखल होतात. याच ठिकाणी आणि चेन्नई येथे 'टीबीएम-किड्स' ही चाचणी घेण्यात आली. रिफाम्पिसिन हे क्षयावरील प्रमुख औषध मेंदूत अल्प प्रमाणातच पोहोचते. म्हणून नेहमीच्या मात्रेच्या दुप्पट, म्हणजे शरीराच्या दर किलो वजनामागे ३० मिलिग्रॅम मात्रा बालकांना दिल्यास काय होते, हे तीत पाहिले गेले. ३७ बालकांच्या या चाचणीचे निष्कर्ष २०२२ मध्ये प्रसिद्ध झाले. मोठी मात्रा बालकांनी बऱ्यापैकी सहन केली, रक्तातील औषधाची पातळी अपेक्षेप्रमाणे वाढली आणि केवळ ही मोठी मात्रा मिळालेल्या गटात बौद्धिक विकासाच्या मोजमापात अधिक चांगले चित्र दिसले. हालचाल व दैनंदिन कामे यांच्या मोजमापात मात्र गटांत विशेष फरक आढळला नाही. ३७ ही संख्या अंतिम निर्णयासाठी अर्थातच तोकडी आहे. तथापि या चाचणीचे वैशिष्ट्य असे की, तीत 'वाचले की दगावले' एवढ्यावर न थांबता बालकाची विचारशक्ती, भाषा व हालचाल यांचे मोजमाप केले गेले. भारतीय वैद्यकीय नोंदींत हे क्वचित घडते. स्टिरॉइड औषधे मृत्यूचे प्रमाण घटवितात हे मान्य झालेले आहे. स्ट्रोक टाळण्यासाठी ॲस्पिरिन द्यावे काय, हा प्रश्न बालकांच्या बाबतीत अद्याप निकालात निघालेला नाही.

सिकलसेल, हृदय आणि रक्तक्षय :

विदर्भ, नंदुरबार, धुळे या भागांत चित्र पुन्हा बदलते. मध्य भारतातील सिकलसेलची नोंद नागपूरच्या शुक्ला व सोलंकी यांनी १९५८ मध्ये केली. आज गडचिरोली, चंद्रपूर, नंदुरबार, मेळघाट येथील भिल्ल, पावरा, गोंड, माडिया व इतर समाजांत हा आनुवंशिक आजार मोठ्या प्रमाणात आहे हे सर्वज्ञात आहे. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी मेंदूच्या मोठ्या धमन्यांच्या अस्तराला इजा करतात व त्या अरुंद होत जातात. अमेरिकेतील जुन्या निरीक्षणांनुसार, उपचार न झाल्यास या रोगाच्या तीव्र प्रकारात वयाच्या विसाव्या वर्षापर्यंत सुमारे ११ टक्के रुग्णांना स्ट्रोक होतो. भारतीय रुग्णांत गर्भावस्थेतील हिमोग्लोबिनचे प्रमाण तुलनेने अधिक राहत असल्याने हा धोका येथे कमी असावा असे मानले जाते. परंतु या समजुतीचा एक तोटा असा झाला की, येथील सिकलसेलग्रस्त बालकांच्या मेंदूच्या धमन्यांची तपासणी करण्याची निकड कोणाला वाटली नाही.

वास्तविक या एका बाबतीत स्ट्रोक होण्यापूर्वीच धोका ओळखता येतो. डोक्यावर बाहेरून लावलेल्या अल्ट्रासाउंड यंत्राने धमनीतील रक्ताचा वेग मोजतात. तो सेकंदाला २०० सेंटिमीटर किंवा त्याहून अधिक असेल तर नियमित रक्तसंक्रमणाने स्ट्रोकचे प्रमाण ९० टक्क्यांहून अधिक घटते, असे १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'स्टॉप' चाचणीने सिद्ध केले. तपासणीत सुई नाही, किरणोत्सर्ग नाही. अडचण आहे ती यंत्र चालविणाऱ्या प्रशिक्षित व्यक्तीची. हायड्रॉक्सीयुरिया हे स्वस्त औषध आता रक्तसंक्रमणाला अंशतः पर्याय ठरत आहे. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयातील बालरोगतज्ज्ञांनी २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात अल्प मात्रेतही ते बालकांमधील वेदनांचे प्रसंग कमी करते असे दाखविले. १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय सिकलसेल निर्मूलन अभियानात ४० वर्षांपर्यंतच्या सात कोटी लोकांच्या रक्ततपासणीचे उद्दिष्ट आहे. कार्डवाटप झाल्यानंतर त्या बालकाच्या मेंदूच्या धमन्या कोण तपासणार, हा प्रश्न मात्र उरतो.

जन्मजात हृदयविकार, विशेषतः ज्यात बाळ निळे पडते, आणि संधिवाताच्या तापाने झालेला झडपांचा विकार ही हृदयाशी संबंधित प्रमुख कारणे होत. शस्त्रक्रिया लांबलेल्या निळ्या बालकात रक्त दाट होते व गुठळी होते, किंवा मेंदूत पू साठून गळू होते आणि ते स्ट्रोकसारखेच भासते. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथून आरंभ झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात शाळा व अंगणवाड्यांतील बालकांचे हृदयविकार शोधणे अंतर्भूत आहे. हा कार्यक्रम स्ट्रोकसाठी योजलेला नाही, पण स्ट्रोक टाळण्याचे काम तो नकळत करीत असतो.

लोहाच्या कमतरतेचा उल्लेख येथे आवश्यक आहे. अन्यथा निरोगी असलेल्या लहान बालकांमध्ये लोहन्यूनता आणि स्ट्रोक यांचा संबंध कॅनडातील एका अभ्यासात २००७ मध्ये दिसून आला. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातील ६ ते ५९ महिने वयाच्या बालकांपैकी ६८.९ टक्के बालके रक्तक्षयग्रस्त आढळली; चौथ्या फेरीत हे प्रमाण ५३.८ टक्के होते. एकेका बालकापुरता हा धोका क्षुल्लकच आहे. तरीही उन्हाळ्यातील जुलाबाने शरीर कोरडे पडलेले रक्तक्षयी अर्भक आणि मेंदूच्या शिरांत होणारी गुठळी यांची सांगड बालरोगतज्ज्ञांना अपरिचित नाही.

आणखी एक प्रकार विशेषकरून भारतीय डॉक्टरांनी समोर आणला. सहा महिने ते दोन वर्षांचे मूल पलंगावरून पडते, थोडेसे लागते, आणि काही मिनिटांत किंवा तासांत एका बाजूचा हात-पाय हलेनासा होतो. मेंदूच्या खोल भागातील बारीक वाहिन्यांत चुन्याचे कण साचलेले असतात आणि किरकोळ धक्क्यानेही त्या बंद पडतात, असे हैदराबादच्या बाल-मेंदूरोगतज्ज्ञांनी २०१४ मध्ये मांडले. यातील बहुतेक मुले चांगली सुधारतात. येथे गंभीर जोखीम वैद्यकीय कमी आणि कौटुंबिक अधिक असते : मूल कोणाच्या हातून पडले यावरून आईला आयुष्यभर दोष दिला जातो.

चांदीपुराचा वाद :

आजाराचे नाव चुकले तर जोखमीचे घटकही चुकतात, याचे ठळक उदाहरण पुण्याच्या विषाणुसंशोधनाच्या इतिहासात आहे. १९६५ मध्ये नागपूर परिसरातील चांदीपुरा येथील तापाच्या रुग्णांच्या रक्तातून पुण्याच्या तत्कालीन व्हायरस रिसर्च सेंटरने, म्हणजे आजच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने, एक नवा विषाणू वेगळा केला. तब्बल अडतीस वर्षे तो जवळजवळ दुर्लक्षित राहिला. २००३ मध्ये आंध्र प्रदेशात ३२९ बालकांना ताप, आकडी व बेशुद्धी असा आजार झाला आणि १८३ बालके दगावली. पुणे येथील शास्त्रज्ञांनी त्याचा संबंध चांदीपुरा विषाणूशी जोडला. हैदराबादमधील काही बालरोगतज्ज्ञांनी मात्र वेगळे मत मांडले. मृत्यू इतक्या झपाट्याने येतो, एका बाजूचा पक्षाघात दिसतो, त्या अर्थी हा मेंदूदाह नसून मेंदूच्या मधल्या धमनीवरील आघात आहे, असे म्हणून त्यांनी त्याला साथीचा ब्रेन अटॅक असे नाव दिले. हा वाद लॅन्सेटसारख्या नियतकालिकापर्यंत पोहोचला.

पुढील काळात विदर्भ व गुजरातेतील साथींत विषाणू वारंवार सापडत गेला आणि मेंदूदाहाचे मत प्रबळ झाले. २०२४ च्या जून ते ऑगस्टमध्ये मुख्यतः गुजरातेत झालेल्या साथीत मेंदूदाहाच्या २४५ रुग्णांपैकी ८२ दगावले व ६४ जणांत चांदीपुराची खात्री झाली. असे असले तरी त्या डॉक्टरांचे निरीक्षण निरर्थक होते असे म्हणता येणार नाही. मेंदूदाह आणि स्ट्रोक यांची सीमारेषा लहान बालकात किती पुसट असते, हे त्यांनी दाखवून दिले. विषाणू म्हटले की वाळूमाशी, मातीच्या भिंतींच्या भेगा व फवारणी हे जोखमीचे मुद्दे होतात. धमनी म्हटले की पहिल्या चोवीस तासांतील मेंदूची सूज आणि अतिदक्षता विभागाचे अंतर हे मुद्दे पुढे येतात. दगावणाऱ्या बालकाच्या दृष्टीने दोन्ही खरे होते.

पहिले काही दिवस :

रुग्णालयात दाखल झाल्यानंतरचे धोके थोडक्यात सांगता येतील. मृत भाग मोठा असेल तर तिसऱ्या-चौथ्या दिवसापर्यंत सूज वाढत जाते. वृद्धांचा मेंदू काहीसा आकसलेला असल्याने कवटीत जागा उरते. बालकाच्या कवटीत ती नसते. म्हणून आरंभीच दीर्घकाळ चाललेली आकडी आणि खूप मोठ्या भागातील स्ट्रोक असलेल्या बालकावर विशेष लक्ष ठेवावे लागते, आणि प्रसंगी कवटीचा तुकडा काढून मेंदूला जागा करून द्यावी लागते. मागील मेंदूतील स्ट्रोकमध्ये पाण्याचा मार्ग अडून काही तासांतच प्राण धोक्यात येऊ शकतात. ताप, साखर व सोडियम यांची पातळी बिघडणे, गिळता न येणाऱ्या बालकाला तोंडाने पाणी किंवा दूध पाजले जाणे आणि ते फुफ्फुसात जाणे, हे घटक साधे असूनही जीवघेणे ठरतात. शुद्ध हरपत चाललेल्या मुलाला घोटभर पाणी पाजण्याची आपल्याकडील रीत मायेतूनच आलेली आहे, पण ती येथे घातक होते. १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिकेने जवळच्या दवाखान्याऐवजी मेंदूची प्रतिमा व बाल अतिदक्षता या दोन्ही सोयी असलेल्या ठिकाणी नेणे शक्य असेल तर तेच इष्ट.

वर्गात परतल्यावर :

'लहान आहे, भरून निघेल' हे वाक्य प्रत्येक कुटुंबाला ऐकविले जाते. या समजुतीला शास्त्रीय आधार लाभला तो मार्गारेट केनार्ड यांच्या १९३० च्या दशकातील माकडांवरील प्रयोगांमुळे. लहान वयात झालेली इजा अधिक चांगली भरून निघते असे त्यांत दिसले. हालचालींपुरते ते बऱ्याच अंशी खरेही आहे. परंतु बौद्धिक क्षमतांच्या बाबतीत नंतरच्या अभ्यासांनी उलट बाजू दाखविली. ज्या क्षमता अद्याप निर्माणच व्हावयाच्या आहेत त्यांचा पाया लहान वयातील आघात उखडतो, आणि ते न्यून सहा-सात वर्षांनी, गणितातील शाब्दिक उदाहरणे व निबंधलेखन सुरू झाल्यावर उघड होते. मेंदूचे बाह्य आवरण आणि खोल भाग या दोहोंना इजा झालेल्या बालकांत, तसेच पुढे अपस्मार जडलेल्या बालकांत हे न्यून अधिक असते.

याचा अर्थ असा की पाठपुरावा दीर्घ हवा. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयात १९८७ पासून कमी वजनाच्या नवजात अर्भकांचा जो अभ्यास सुरू झाला, त्यात त्या बालकांच्या बुद्धिविकासाची नोंद अठराव्या वर्षापर्यंत ठेवली गेली. स्ट्रोक झालेल्या बालकांसाठी असा पाठपुरावा या शहरात करता येणार नाही असे मानण्यास कारण नाही. सध्या मात्र हात-पाय हलू लागले, फिजिओथेरपी थांबली, की रुग्णालयाची फाइल बंद होते. शाळेच्या दाखल्यात या आजाराला रकाना नसतो.

अशी काही मुले अकरावी-बारावी ओलांडून महाविद्यालयांतही पोहोचतात. त्यांचे चालणे व्यवस्थित असते, बोलणे स्पष्ट असते. परंतु व्याख्यान ऐकता ऐकता टिपणे काढणे त्यांना जमत नाही, लिहिण्याचा वेग कमी असतो आणि एकाच वेळी दोन सूचना दिल्या तर दुसरी निसटते. हजेरीपुस्तकात त्यांची नोंद 'आळशी' किंवा 'लक्ष नसते' अशी होते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मध्ये मान्य केलेल्या २१ प्रकारांत मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी, दीर्घकालीन मेंदूविकार, विशिष्ट अध्ययन-अक्षमता व सिकलसेल यांचा समावेश आहे. लेखी परीक्षेसंबंधी केंद्र शासनाने ऑगस्ट २०१८ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांनुसार, विहित प्रमाणात अपंगत्व असल्याचे प्रमाणपत्र असलेल्या आणि लेखनात मर्यादा असलेल्या विद्यार्थ्यास तासाला किमान २० मिनिटे अधिक वेळ आणि आवश्यक तेथे लेखनिक मिळू शकतो. प्रमाणपत्रासाठी अर्ज विद्यार्थ्याने करावयाचा असतो, आणि आपल्याला तिसऱ्या वर्षी काय झाले होते हे अनेकदा त्यालाच सांगितलेले नसते. प्रवेशाच्या वेळी पालकांना बालपणातील मेंदूच्या आजाराविषयी एक प्रश्न विचारणे आणि ती माहिती गोपनीय ठेवून विषयशिक्षकांपर्यंत पोहोचविणे, एवढे काम महाविद्यालयाच्या कार्यालयात, कोणत्याही नव्या निधीशिवाय, पुढील प्रवेशप्रक्रियेपासून करता येण्याजोगे आहे.